महादेव अण्णाचा चेहरा कुठून आणला

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं: माझ्या कथेतला महादेव अण्णा आपल्या बेळगावातल्या वडगावचा यंत्रमाग कामगार, आणि चेहरा मात्र पावणेचारशे वर्षांपूर्वीच्या स्पॅनिश चित्रातून उसना. "वडगाव-खासबागेत माणसं संपली काय? निदान आपल्या के. बी. कुलकर्णींची व्यक्तिचित्रं तरी बघायची. आणि मागावरचा माणूस इतकं हळू बोलतो होय?"

शेवटच्या प्रश्नावर मला बरोबर पकडलंत. माग चालू असला की शेजारच्याची हाक ऐकू येत नाही. जन्म त्यात काढलेला माणूस घरी चहासुद्धा ओरडूनच मागतो. माझे मामा तसेच होते, तरी चुकले. चित्र बोलत नाही ना! ते समोर चिकटवून तीन महिने लिहीत होते, त्याची शांतता अण्णाच्या तोंडात शिरली. दुरुस्त करते.

चेहऱ्याचं मात्र मान्य नाही. हे चित्र स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझनं १६५० साली रोममध्ये काढलं. समोर उभा आहे तो हुआन दे पारेहा, त्याच्याच चित्रशाळेत राबणारा त्याचा गुलाम. त्याच वर्षी त्याच्या सुटकेचा कागद झाला, तोही आणखी चार वर्षं चाकरीच्या अटीवर. पुढे पारेहा स्वतः चित्रकार झाला; त्याचं १६६१चं एक मोठं चित्र माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे आणि त्यात डाव्या कडेला त्यानं स्वतःलाच उभं केलंय. पण १६५०चं चित्र बघा. पांढरी रुंद कॉलर, एक हात पोटाशी आडवा, आणि नजर थेट समोर. समोर कोण? चित्र काढणारा मालक! बोनस मागायला शेठच्या गादीपुढे उभा राहिलेला अण्णा मला असाच हवा होता. नाक, रंग, केस मी घेतलेच नाहीत. परत वाचा की, अण्णाच्या भुवयांवर सुताची पूड बसलीय, ती रोममध्ये कुठली? घेतलं ते फक्त उभं राहणं.

आता वडगावची माणसं. पहिल्या कथेत गल्लीतल्या एका काकूंची चाल जशीच्या तशी उचलली होती. त्या दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट आलं नाही. के. बीं.बद्दल वादच नाही; टिळकवाडीत वरेरकर नाट्य संघात त्यांच्या नावाचं कलादालन आहे, तिथं माझी चक्कर असतेच. पण गावातल्या चित्रातला माणूस कुणाचा तरी आजोबा असतो. पुढच्या भागात अण्णा उसने पैसे बुडवणार आहे (सांगून टाकलं, असो). आजोबांकडून मी ते करवलं तर नातू दारात येईल. पारेहाचा कुणी येणार नाही.

मला टोचतं ते वेगळंच. अण्णाच्या बायकोसाठी चित्रच सापडलं नाही. रविवर्मा धुंडाळले, तर तिथं नऊवारीतली बाईसुद्धा दागिन्यांत. चित्र काढून घ्यायला पैसा लागायचा. मागासाठी सुताच्या कांड्या भरणाऱ्या बाईचं कोण काढणार? म्हणून ती कथाभर पाठमोरी राहिली, आणि त्यावर तुम्हीही काही लिहिलं नाहीत. तुमच्या घरात कुणी कांड्या भरलेल्या असतील, तर बसल्यावर त्या मान कशी धरतात तेवढं कळवा.