इंगल्स ४-एस: बोटीच्या कारखान्यातलं एकुलतं एक डिझेल रेल्वे इंजिन

इंगल्स ४-एसला लोक 'फसलेला प्रयोग' म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही. २० वर्षं सेवेत राहिलेलं इंजिन फसलेलं कसं?

मिसिसिपीतल्या पास्कागूलाचा इंगल्स कारखाना जहाजं बांधायचा. रिव्हेटऐवजी वेल्डिंग ही त्यांची खासियत. १९४० मध्ये 'एक्सचेकर' हे पूर्ण वेल्डिंगचं मालवाहू जहाज त्यांनी पाण्यात सोडलं. युद्ध संपलं, जहाजांची मागणी आटली आणि अमेरिकन रेल्वे वाफेची इंजिनं काढायला निघाल्या होत्या. १९४६ मध्ये ४-एस तयार झालं: सुपिरियर कंपनीचं आठ सिलिंडरचं डिझेल, १,५०० अश्वशक्ती, त्याला जोडलेला जनरेटर, खाली चाकांचे दोन सांगाडे आणि चारही ॲक्सलना चाकं फिरवणारी विजेची ट्रॅक्शन मोटर. गल्फ, मोबाइल अँड ओहायो रेल्वेने ते घेतलं आणि १९०० क्रमांक दिला.

त्यातली खरी हुशारी केबिनमध्ये होती. तेव्हाच्या जनरल मोटर्सच्या एफ-३ सारख्या बंद अंगाच्या इंजिनातून ड्रायव्हरला मागचं जवळजवळ दिसत नसे. सरळ पल्ल्याच्या मालगाडीला ते चालून जातं. पण वाटेतल्या स्टेशनांवर वॅगन सोडत-जोडत जायचं असेल, तर मागे उभं राहून इशारा करणाऱ्या ब्रेक्समनचा हात किंवा कंदील दिसलाच पाहिजे. इंगल्सने केबिन बुरुजासारखी वर उचलली ती यासाठीच. अल्को या इंजिन बनवणाऱ्या कंपनीचं आरएस-१ १९४१ पासून हे काम करत होतं, पण १,००० अश्वशक्तीवर. जनरल मोटर्सचं तशाच कामाचं जीपी-७ यायला १९४९ उजाडलं.

मग दुसरं का बनलं नाही? माझ्या मते घोडं सुट्या भागांवर अडलं. याच रेल्वेने त्याच वर्षी अल्कोची एफए-१ घेतली, तीही १,५०० अश्वशक्तीची, पण ताफ्याने. ताफ्यातल्या एकाचं सिलिंडर हेड तडकलं तर साठ्यातलं बसवायचं, नाहीतर उभ्या असलेल्या दुसऱ्याचं काढायचं. एकट्या इंजिनासाठी हेड, लायनर, पिस्टन रिंगा, इंजेक्टर, बेअरिंगं सगळं वेगळं ठेवावं लागतं. नाही ठेवलं तर एका गॅस्केटपायी इंजिन शेडमध्ये उभं. फिटरचा हातही त्यावर बसत नाही. इंजेक्टरचं टायमिंग, बोल्ट आवळण्याचा जोर, सगळं निराळं आणि कधीतरीच करायचं.

शिवाय रेल्वेचं काम डिझेलला बोटीपेक्षा जास्त झिजवतं. बोटीत तासन्‌तास एकच वेग आणि थंड करायला अख्खा समुद्र. रुळांवर सतत वरखाली होणारा भार, मोजक्या जागेत कोंबलेला रेडिएटर आणि कपलिंगचे दणके. तापण्या-निवण्याने हेड तडकतात, दणक्यांनी इंजिन-जनरेटरची रेषा हलते. अशा धंद्यात या एकट्याला २० वर्षं चालतं ठेवणाऱ्या शेडच्या लोकांना मी फार मानतो.

१९६६ मध्ये ते निवृत्त झालं आणि भंगारात गेलं. याची मला खरोखर चीड येते. जहाजबांधणीच्या हातांनी केलेले ते वेल्ड २० वर्षांच्या दणक्यांनंतर कुठे टिकले आणि कुठे तडकले, हे सांगणारा एकमेव नमुना तोच होता.