‘मास्टर टेपवरून थेट’ म्हणजे नेमकं कशावरून? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव लिहिलेलं नाही, म्हणून मायना एवढाच. जुन्या टीव्ही फुटेजच्या ऑनलाइन विक्रीवरच्या माझ्या लेखावर तुम्ही खरमरीत लिहिलंय. मी ‘बनावट’ ठरवलेली ती फाइल तुम्ही स्वतः विकत घेतली आहे, तेव्हा राग समजू शकतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: फाइलमधल्या दुहेरी, भुतासारख्या आकृत्या हा बनावटपणाचा पुरावा नाहीच, कार्यक्रम खरा असेल तर तो कितव्या कॉपीवरून आला याने काही बिघडत नाही, आणि अशा खुणा चव्हाट्यावर मांडून मी भामट्यांची फुकट शिकवणी घेतोय.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं बरोबर आहे. चूक माझी. टीव्हीच्या दोन मोठ्या पद्धती होत्या. एकीत ५२५ ओळी आणि सेकंदाला साधारण ६० फील्ड (फील्ड म्हणजे एकाआड एक ओळींचं अर्धं चित्र), दुसरीत ६२५ ओळी आणि ५० फील्ड. एकीतला कार्यक्रम दुसरीत नेताना सेकंदाला दहा फील्डचा हिशेब कुठेतरी मिटवावा लागतो. रूपांतर करणारी बरीच यंत्रं तो शेजारशेजारची फील्ड एकमेकांत मिसळून मिटवायची. अशा जागी चित्र थांबवलं की धावणाऱ्या माणसाला चार पाय दिसतात. हे काम प्रसारण संस्थांच्या यंत्रांवरच अगदी राजरोस चालायचं. तेव्हा त्या आकृत्यांवरून फार तर एवढं म्हणता येतं, की कार्यक्रमाने वाटेत कुठेतरी पद्धत बदलली. ‘बनावट’ हा शब्द मी मागे घेतो. मूळ लेखातही तशी दुरुस्ती केली आहे.

पण ती फाइल मी घेतली नाही, याची हळहळ मला अजूनही नाही. विक्रेत्याने लिहिलं होतं, ‘१९६६ च्या मूळ मास्टर टेपवरून थेट’. आता चित्राच्या अगदी तळाशी पाहा. पाच-सहा ओळींची एक पट्टी सतत थरथरते, एका बाजूला ओढल्यासारखी फाटते. घरगुती कॅसेट यंत्रात फिरत्या ड्रमवर टेप वाचणारी दोन हेड असतात. एक हेड टेपवरून उतरून दुसरं चढतं, त्या सांध्याची ही खूण. जुन्या टीव्हीवर ती काचेच्या चौकटीआड जायची, म्हणून आपल्यापैकी कुणी ती कधी पाहिली नव्हती. संगणकावर मात्र उघडी पडते. १९६६ मधल्या स्टुडिओत काय असायचं? दोन इंच रुंदीची क्वाड टेप. अँपेक्स कंपनीने १९५६ मध्ये आणलेल्या यंत्राच्या घराण्यातली. तिथे चार हेड टेपला आडवे छेदत जातात. त्यांचं जुळणं बिघडलं की चित्रभर आडवे पट्टे उमटतात, रंगात किंवा उजेडात किंचित फरक असलेले. तळाशी एकच फाटकी पट्टी, हे त्या टेपचं दुखणं नव्हे. आणि व्हीएचएस ही घरगुती कॅसेट बाजारात आली १९७६ मध्ये.

म्हणजे मास्टर आणि तुमची फाइल यांच्यामध्ये निदान एक घरगुती कॅसेट आहे. त्यात तुम्हीच दाखवून दिलेलं पद्धतीचं रूपांतर. दोन्ही जोडून मला दिसतं ते असं: पुढे केव्हातरी, दुसऱ्या पद्धतीच्या देशात, कुणीतरी घरी बसून पुनर्प्रसारण टेपवर घेतलं. कार्यक्रम खरा असेलही. ‘थेट’ हा शब्द खरा नाही, आणि किंमत त्या एका शब्दाचीच लावली होती.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात आवडला: कॉपी असली म्हणून काय झालं?

पाहण्यापुरतं काहीच बिघडत नाही. उलट या छंदातल्या सगळ्यात गाजलेल्या वस्तू कॉपीच आहेत. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेचे १९६० च्या दशकातले नऊ भाग सापडल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. ते नायजेरियातल्या जोस शहरातल्या एका टीव्ही केंद्रात होते. मूळ व्हिडिओ टेप कधीच पुसल्या गेल्या होत्या. सापडली ती परदेशी विक्रीसाठी काढलेली १६ मिलिमीटरची फिल्म, म्हणजे मॉनिटरसमोर फिल्म कॅमेरा लावून केलेलं चित्रण. ती अस्सल नाही असं कुणी म्हणालं नाही, कारण ती कशी बनली आणि तिथे कशी पोचली हे सगळं उघड होतं.

‘डॅड्स आर्मी’ या बीबीसीच्याच विनोदी मालिकेची गोष्ट तर याहून गमतीची. ‘रूम ॲट द बॉटम’ हा भाग रंगीत बनला, पण उरला फक्त कृष्णधवल फिल्मवर. फिल्म काढताना रंगाचा संकेत गाळायचा राहून गेला होता, त्यामुळे चित्रावर बारीक ठिपक्यांची जाळी उमटली होती. कुणाही संग्राहकाने ती खराबी म्हणून घासूनपुसून काढली असती. त्या ठिपक्यांतूनच मूळ रंग वाचून काढले गेले आणि २००८ मध्ये तो भाग पुन्हा रंगीत दाखवला गेला. आता सांगा, यातली अस्सल प्रत कोणती? मला विचाराल तर दोन्ही. (म्हणूनच ‘स्वच्छ करून’ विकलेल्या फाइलपेक्षा मळकी फाइल मला प्यारी. कृत्रिम बुद्धिमत्तेने धारदार केलेले मेणासारखे चेहरे नकोतच.)

उलट बाजू पाहा. २०१९ मध्ये अपोलो ११ च्या तीन टेप लिलावात १८ लाख २० हजार डॉलरला गेल्या. दोन इंची, नासाच्याच, १९७६ मध्ये सरकारी जुन्या मालाच्या विक्रीत कुणीतरी घेतलेल्या. वस्तू पक्की, चित्रही पक्कं. पण त्यावर आपल्याकडे नाही असं काही नाही, हे नासाने स्पष्ट केलं होतं. आणि चंद्रावरच्या कॅमेऱ्याचा मूळ संकेत, सेकंदाला दहा चित्रांचा, ज्या टेपवर होता त्या वेगळ्याच. त्या पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, हा नासाच्या शोधाचा २००९ मधला निष्कर्ष. उद्या कुणी या तीन टेपांची फाइल ‘चंद्रावरच्या हरवलेल्या टेप’ म्हणून विकली, तर तिच्यातली प्रत्येक फ्रेम खरी असेल आणि जाहिरात खोटी.

माझ्या लेखात हेच नीट उतरलं नव्हतं. चित्र त्या काळचं आहे का, हातातली वस्तू त्या काळची आहे का, आणि विक्रेता सांगतो त्याच वाटेने एकातून दुसरं आलं का, या तिन्हींना आपण एकच शब्द वापरतो: अस्सल. फिल्मचं रीळ हातात असेल तर निदान काही विचारता येतं. फिल्मचं ॲसिटेट प्लास्टिक कुजू लागलं असेल तर व्हिनेगरचा वास येतो, आणि कोडॅकच्या फिल्मच्या काठावर वर्तुळ-चौकोन-त्रिकोणाची वर्षखूण असते. (तीही २० वर्षांनी फिरून तीच येते आणि कच्ची फिल्म कधी बनली एवढंच सांगते, हे विक्रेते सोयीने विसरतात.) फाइलला ना वास, ना काठ. तिच्या बाबतीत वस्तूचा प्रश्नच उरत नाही, उरतो तो फक्त वाटेचा.

‘खुणा काय, कुणीही बनवेल,’ असं तुम्ही म्हणता. वरवरच्या बनतात, खरं आहे. जुनेपणाचे फिल्टर चिक्कार मिळतात, आणि बहुतेकांचा वकूब एवढाच की तोच ओरखडा दर काही सेकंदांनी त्याच जागी परत येतो. काही तर कोपऱ्यात रेकॉर्डिंग चालू असल्याचं लाल ‘रेक’ लावतात! ते अक्षर कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दिसायचं, टेपवर सहसा उतरायचंच नाही.

पण टेलिटेक्स्टचं काय करणार? चित्राच्या वर, पडद्यावर न दिसणाऱ्या ओळींमधून बातम्या-हवामानाची मजकुराची पानं पाठवली जायची. ब्रिटनमध्ये बीबीसीचं सीफॅक्स हे टेलिटेक्स्ट १९७४ मध्ये सुरू झालं. घरी कार्यक्रम टेप करणाऱ्याच्या नकळत ती पानंही टेपवर जायची. व्हीएचएसची कुवत एवढा बारीक संकेत धरण्याची नाही, सगळं धूसर होतं. पण तीच पानं चक्राकार पुन्हापुन्हा येत राहतात, म्हणून तीच ओळ जेवढ्या वेळा आली तेवढ्या धूसर प्रती एकावर एक ठेवून सॉफ्टवेअर मजकूर वाचून काढतं. छंदी मंडळींनी अशी ढीगभर पानं परत मिळवली आहेत. पानाच्या डोक्यावर वार, तारीख आणि घड्याळ. वर्ष बहुधा नसतं, पण वार आणि तारीख जुळवली की मोजकीच वर्षं उरतात आणि बातम्यांचे मथळे त्यातलं एक पक्कं करतात. हे सगळं खोटं रचायचं तर त्या दिवशीचं अख्खं टेलिटेक्स्ट रचावं लागेल.

अडचण एवढीच की साध्या कॅप्चरमध्ये, म्हणजे टेप संगणकावर उतरवताना, या ओळी कापल्या जातात. म्हणून मी विक्रेत्याला आधी विचारतो: वरच्या ओळींसकट घेतलेला कच्चा कॅप्चर आहे का, एका मिनिटाचा तरी? ज्याच्याकडे खरोखर टेप आहे तो कुरकुरत का होईना, देतो. तुमच्या विक्रेत्याने मला उत्तर दिलं नाही.

शिकवणीच्या आरोपाबद्दल फार लिहीत नाही. भामटे हे माझ्याआधी शिकलेत. खालची पट्टी कापून चित्र रुंद करून विकायला त्यांनी कधीच सुरुवात केली आहे.

तुमच्या फाइलमध्ये सुदैवाने खालची पट्टी कापलेली नाही. एक करून पाहाल का? चित्र थांबवा, मोठं करा आणि सगळ्यात वरची ओळ पाहा. तिच्या डाव्या अर्ध्यात तुटक पांढऱ्या रेघा दिसतात का? त्या दिसल्या तर तो रुंद पडद्याच्या टीव्हीला दिलेला इशारा आहे, आणि तो ६२५ ओळींच्या प्रक्षेपणात १९९० च्या दशकात आला. नुसती काळी असेल, तर माझ्या अंदाजाला त्यातून आधार मिळणार नाही. विक्रेत्याच्या नमुन्यात पहिल्या दोन ओळी झाकलेल्या होत्या, त्यामुळे हे मला इथून दिसत नाही. जे दिसेल ते इथेच खाली लिहा.