यमुनोत्री : आधी दिव्यशिला, मग दर्शन
उत्तराखंडातील यमुनोत्री या यमुनेच्या तीर्थक्षेत्राच्या यात्रेवरील आपला लेख वाचला; चढणीचे वर्णन त्यात उत्तम उतरले आहे. मात्र मंदिराजवळच्या सूर्यकुंडाचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याचा, उल्लेख एका ओळीत आटोपला, हे खटकले. जानकीचट्टीपासून सुमारे ६ किलोमीटर चढून गेल्यावर, बोटे बधिर करणाऱ्या गारठ्यात, कापडाच्या पुरचुंडीत बांधलेले तांदूळ त्या उकळत्या कुंडात शिजताना पाहणे, हे माझ्या दृष्टीने यात्रेचे खरे सुख होते. (खेचरांच्या गर्दीतून उतरणे ही वेगळीच तपश्चर्या!) आधी मंदिराजवळच्या दिव्यशिलेची, म्हणजे तिथल्या पवित्र खडकाची, पूजा करून मगच यमुनेचे दर्शन घेण्याची प्रथाही सांगायला हवी होती. भाऊबीजेला, म्हणजे यमद्वितीयेलाच, मंदिराची दारे हिवाळ्यासाठी बंद होतात आणि यमुनेला माहेरी न्यायला यमाखेरीज तिचा दुसरा भाऊ शनिदेव याची डोली खरसाली गावातून वर येते.