इगतपुरीचा बोगदा आणि रोजचे ड्रायव्हर

जून 2025 मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला आणि कसारा घाट टाळणारा जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा नाशिककरांच्या रोजच्या वाटेवर आला. तेव्हापासून नाशिकच्या नातेवाइकांशी बोलताना एकच सूर ऐकतो: बोगद्यात घोळ घालतात ते बाहेरचे, नवखे, आपल्याला रस्ता पाठ आहे. 2027 च्या सिंहस्थाचा विषय निघाला की हा सूर आणखी चढतो. मी नॉर्वेत बर्गनजवळ राहतो. या देशात हजाराहून जास्त बोगदे आहेत, कामावर जाताना मलाही बोगदा लागतोच. नातेवाइकांचं म्हणणं मला निम्मंच पटतं.

नवख्याचा धोका खरा आहे, पण तो बोगद्याच्या तोंडाशी. लख्ख उन्हातून आत शिरलं की डोळे अंधाराला सरावेपर्यंत माणूस दचकतो, ब्रेक दाबतो, भिंत अंगावर येईल म्हणून शेजारच्या लेनकडे सरकतो. इथल्या अपघातांच्या नोंदींतही तोंडाजवळचं प्रमाण जास्त आणि आतलं कमी दिसतं. त्यासाठी उपाय आहेत: तोंडाशी जास्त उजेड, आधीपासून वेग उतरवणाऱ्या पाट्या.

रोजच्या ड्रायव्हरचं काय? तो दचकत नाही, हीच अडचण आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाच्या संशोधकांनी 2013 मध्ये सिम्युलेटरवर पाहिलं, की ओळखीच्या रस्त्यावर ड्रायव्हर अचानक घडलेल्या गोष्टीला उशिरा प्रतिसाद देतात. हात स्टिअरिंगवर असतात, मन ऑफिसात किंवा घरी. बोगद्यात तर झाड नाही, वळण नाही, मनाला धरून ठेवणारं काहीच नाही. म्हणूनच इथल्या 24.5 किलोमीटरच्या लार्डाल बोगद्यात मध्येमध्ये तीन मोठी दालनं कोरून निळा उजेड सोडलाय. तिथून जाताना खरंच डोकं जागं होतं.

आणि आग लागली तर? 1999 मध्ये फ्रान्स आणि इटलीला जोडणाऱ्या माँ ब्लाँ बोगद्यात आग लागून 39 माणसं गेली, त्यातली बहुतेक गाड्यांतच. पुढे गाड्या थांबलेल्या दिसल्या की रोजच्या माणसाला तो नेहमीचाच ट्रॅफिक जॅम वाटतो. तो काच वर करून बसून राहतो. त्या वेळी इंजिन बंद करून, गाडी सोडून, आपत्कालीन दाराकडे चालत सुटायचं असतं. रोज ये-जा करणाऱ्या किती नाशिककरांना ते दार कुठे आहे हे सांगता येईल?

म्हणून माझं मागणं नवख्यांसाठीच्या पाट्यांपुरतं नाही. युरोपच्या 2004 च्या निर्देशानुसार मोठ्या बोगद्यांत किमान चार वर्षांतून एकदा खऱ्या परिस्थितीसारखा पूर्ण सराव घ्यावा लागतो. इगतपुरीच्या बोगद्यात सिंहस्थाआधी तसा सराव घ्या, आणि त्यात अग्निशमन दलासोबत नाशिक-मुंबई रोज करणारे टॅक्सीवाले, बसचालक आणि नोकरदार यांनाही बोलवा. त्यांना एकदा तरी धुरातून त्या दारापर्यंत चालू द्या.