महासाथीत डेथ मेटल बँड काढू इच्छिणाऱ्यांस

ठाण्यासारख्या शहरात डेथ मेटल (म्हणजे मृत्यूच्या विषयावर गुरगुरत गायचे कर्कश रॉक संगीत) बँड काढायला योग्य मुहूर्त कोणता, असे आम्हांस अनेकदा विचारले जाते (खरे तर एकदाच, आणि तेही काळजीच्या सुरात). आमचे उत्तर ठरलेले आहे: महासाथ. भूमिगत म्हणवून घेणाऱ्या बँडला एरवी फार कष्ट पडतात. श्रोते जमू नयेत, कार्यक्रम मिळू नयेत, पैसा दृष्टीस पडू नये, तोंड झाकलेले असावे आणि शेजाऱ्यांनी जिन्यात भिंतीला चिकटून वाट द्यावी, एवढी प्रतिष्ठा कमवायला भल्याभल्यांची उमेदीची वर्षे खर्ची पडतात. आम्हांला ती 25 मार्च 2020 रोजी सरकारी आदेशाने एका रात्रीत मिळाली. पुढची महासाथ केव्हा येईल ते सांगता येत नाही. तेव्हा आपल्या उपयोगासाठी अनुभवाचे चार शब्द लिहून ठेवतो.

पहिले काम नाव ठेवण्याचे. ‘भयानक मौत’ हे नाव मुंबईतल्या एका बँडने 2003 सालीच घेऊन ठेवले आहे, त्यामुळे तिकडे पाहू नये. प्रेत, आतडी आणि कुजणे यांविषयीचे इंग्रजी शब्द अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या डेथ मेटल मंडळींनी गेल्या शतकातच संपवले. सुदैवाने आपल्याकडे पुराणे आहेत, आणि त्यांत रौरव, महारौरव, असिपत्रवन अशा नरकांची जी सविस्तर व्यवस्था लावली आहे तिच्यापुढे फ्लोरिडातल्या टँपा शहरातला कोणताही गीतकार शिकाऊ वाटावा. मात्र निवड जपून करावी. समजा, आपण ‘कुंभीपाक’ हे नाव घेतले, तर आईला ते केटरिंगचे वाटेल आणि टाळेबंदीत घरगुती डब्यांना मागणी असल्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर दोन चौकश्या येतील. बोधचिन्हाचा नियम असा आहे की ते वाचता येऊ नये. परदेशी बँड त्यासाठी चित्रकाराला पैसे देऊन काटेरी मुळांची गुंतवळ काढून घेतात. आपण आजोबांच्या जमिनीचे मोडीतले कागद काढावेत. आम्ही त्यातली एक ओळ उचलून काळ्या कागदावर पांढऱ्या रंगात उमटवली, आणि ती सर्वांना भयप्रद वाटली. पुढे एका मोडी जाणणाऱ्या गृहस्थांनी ती वाचून दाखवली. त्या ओळीत विहिरीच्या पाण्याचा हिस्सा नोंदवलेला होता.

सभासद निवडताना वादनकौशल्य पाहू नये, ओळखपत्र पाहावे. आमचा ड्रमर कळव्याचा, गिटारवाला नेरुळचा आणि गायक, म्हणजे मी, वर्तकनगरचा. सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाल्यावर ठाणे-नेरुळ मार्गाच्या दोन टोकांचे आम्ही एकमेकांना न्यूझीलंडइतके दूर झालो. जुलै 2020 पासून राष्ट्रीयीकृत बँकांच्या कर्मचाऱ्यांना लोकलने जाऊ देऊ लागले, तेव्हा आम्ही तातडीने बँकेत कारकून असलेला एक बास गिटारवाला शोधला. त्याला बास येत नव्हता, ही गोष्ट त्यानेही लपवली नाही. पण केबल, तारा आणि पेन ड्राइव्ह घेऊन ठाण्याहून नेरुळला कायदेशीरपणे जाऊ शकणारा तो एकटाच मनुष्य होता, आणि डेथ मेटलमध्ये बास तसाही कोणाला ऐकू येत नाही.

आता आवाजाविषयी. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल एवढीच मुभा आहे. ड्रमसेट सहज 100 च्या वर जातो. या बाबतीत पूर्वजांचे स्मरण ठेवावे. मुंबईत धोबीतलावच्या रंगभवनात 1986 पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरत असे. पुढे आजूबाजूच्या रुग्णालय-महाविद्यालयांमुळे ती जागा शांतता क्षेत्रात मोडली आणि तिथल्या मैफली संपल्या. आपण भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवाल, कारण सगळेच चिकटवतात. त्यांनी खोलीतला घुमारा किंचित कमी होतो, पण बाहेर जाणारा आवाज अडत नाही. आवाज अडवायला वजन लागते, आणि पुठ्ठ्याला वजन नसते. गोधड्या थोड्या बऱ्या. मोठा ड्रम दोन्ही पायांनी वाजवायच्या दुहेरी पेडलचा ठोका मात्र स्लॅबमधून थेट खालच्या घरातल्या देवघरापर्यंत जातो, त्याला इलाज नाही. म्हणून ड्रमरने रबरी स्लिपरांवर सराव करावा. आमच्या ड्रमरने चार महिने तसा केला आणि नंतर खऱ्या ड्रमवर बसल्यावर ड्रम फार मोठ्याने बोलतो अशी त्याची तक्रार होती.

मनसोक्त आवाज करण्याची कायदेशीर संधी एकदाच आली होती: 22 मार्च, रविवार, सायंकाळी पाच. तेव्हा ज्यांनी बाल्कनीत मोबाइल धरला ते शहाणे. थाळ्या, घंटा, शंख, एक कुकरचे झाकण आणि समोरच्या इमारतीतल्या आजोबांचा पितळी तांब्या, असे जे आमच्याकडे ध्वनिमुद्रित झाले, ते आमच्या डेमोची, म्हणजे नमुन्याच्या ध्वनिमुद्रणाची, सुरुवात म्हणून वापरले आहे. गिटारच्या आवाजासाठी स्टॉकहोमच्या बँडनी बॉस कंपनीच्या एचएम-2 या, गिटारचा आवाज फाटका करणाऱ्या पेडलची चारही बटणे शेवटपर्यंत फिरवण्याचा शोध लावला होता. दुकाने बंद असताना सुके खोबरे वाटणारा मिक्सर जवळजवळ तेच काम देतो.

एकत्र सराव ऑनलाइन होईल असे आपणांस वाटेल. होणार नाही, आणि का होणार नाही हे नीट समजून घ्यावे, म्हणजे आमच्यासारखे सहा शनिवार वाया जाणार नाहीत. ताल मिनिटाला 200 मात्रांचा धरला आणि एका मात्रेत चार ठोके धरले, तर दोन ठोक्यांमध्ये 75 मिलिसेकंदांचे अंतर पडते. व्हिडिओ कॉलवर आवाज पोहोचायला दीडशे मिलिसेकंद लागले, आणि ते सहज लागतात, तर नेरुळचा गिटारवाला कळव्याच्या ड्रमरच्या दोन ठोके मागे पडतो. ड्रमर मग त्याच्यासाठी थांबतो, ते थांबणेही उशिरा पोहोचते, आणि थोड्याच वेळात डेथ मेटलची अंगाई होते. यावर कडी म्हणजे, कुत्र्याचे भुंकणे, पंख्याची घरघर आणि बांधकामाचा खडखडाट गाळण्यासाठी या सॉफ्टवेअरमध्ये जी सोय केलेली असते, ती आपले संपूर्ण संगीत इमानदारीने गाळून टाकते. पडद्यावर चार माणसे घामाघूम होऊन मान हलवत आहेत आणि आवाज एका गिटारवाल्याच्या आजीचा येत आहे, की दूध वर आले. शेवटी प्रत्येकाने कानात मेट्रोनोम (तालाची टकटक देणारे यंत्र) घालून आपापला भाग एकट्याने मुद्रित करावा आणि फाइल पाठवावी, हेच खरे. फाइल रात्री दोननंतर पाठवावी. दिवसा इंटरनेटवर आधी वर्क फ्रॉम होमचा आणि मग चौथीच्या परिसर अभ्यासाचा हक्क असतो.

गायनाबद्दल मात्र मी अधिकाराने सांगू शकतो. डेथ मेटलमधला ग्राउल, म्हणजे ते गुरगुरत गाणे, म्हणजे घसा खरवडणे नव्हे. खऱ्या स्वरतंतूंच्या वर जाडसर पडद्यांची एक जोडी असते, तिला खोटे स्वरतंतू म्हणतात. श्वास पोटातून रेटून ती थरथरवायची असते. नवशिक्याला हे जमेपर्यंत जो आवाज येतो तो न्यूमोनियाचा असतो. शिवाय गाणे हाच त्या वर्षी धोक्याचा उद्योग ठरला होता: अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या एका गायकवृंदाच्या 10 मार्च 2020 च्या सरावाला 61 जण होते, त्यांतले 53 आजारी पडले आणि दोघे दगावले. ही बातमी आमच्या सोसायटीत पोहोचली होती. त्यामुळे मी न्हाणीघरात, शॉवर सोडून, तिसऱ्या दिवशीचा सराव करत असताना ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा निरोप आला: ‘तिसऱ्या मजल्यावर कोणाला तरी भयंकर खोकला आहे. आजार लपवू नये.’ त्याखाली हात जोडल्याच्या अकरा खुणा.

दुसऱ्या दिवशी पीपीई किट घातलेली दोन माणसे आली. फाटकाला बांबू आडवे बांधले गेले, सूचनेचा फलक लागला, आणि बेचाळीस घरांचे दूध गच्चीवरून दोरीने वर घ्यावे की वॉचमनकडून, यावर सोसायटीत दोन पक्ष पडले. माझ्या नाकात कांडी घालणाऱ्या मुलाने किटच्या आतून विचारले, “त्रास काय होतो?” मी म्हटले, “काही नाही, मी गातो.” त्याने कागदावर काहीतरी लिहिले; ते ‘गातो’ नव्हते. अहवाल तीन दिवसांनी निगेटिव्ह आला. तो मी काकांना दारातून दाखवला. त्यांनी चष्मा लावून, दोन पावले मागे जाऊन तो पूर्ण वाचला आणि म्हणाले, “निगेटिव्ह आहेस तर मग ओरडतोस कशाला?” जगातल्या कोणत्याही समीक्षकाने या संगीतप्रकाराला याहून रोखठोक प्रश्न विचारला नसेल.

गाण्यांच्या शब्दांविषयी फार लिहीत नाही. अंत्यविधीला 20 माणसे हा नियम ज्या काळात होता, त्या काळात भयानकपणात वर्तमानपत्राचे पहिले पान आमच्या पुढे होते. ड्रमरने मे महिन्यात प्रेतांवर चार कडवी लिहिली होती. जूनमध्ये त्याचे मामा गेले, आणि त्या फाइलची चौकशी नंतर कोणी केली नाही. आम्ही त्याऐवजी भाजी मिठाच्या पाण्यात धुण्यावर गाणे केले. ग्राउलमध्ये शब्द कळत नसल्यामुळे फरक कोणाच्याही लक्षात आला नाही.

कार्यक्रमाची घाई करू नये. गडकरी रंगायतन बंद असते. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात एकदा तरी वाजवावे असे आमच्या गिटारवाल्याचे लहानपणापासूनचे स्वप्न होते. तिथे कोविड केंद्र झाले आणि खाटा लागल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये नाट्यगृहे निम्म्या प्रेक्षकांनिशी उघडायला परवानगी मिळाली, तेव्हा आम्ही हिशेब केला: आमच्या प्रेक्षकांचे निम्मे म्हणजे साडेतीन. डेमो बँडकॅम्प या संगीत विकण्याच्या संकेतस्थळावर टाकावा, आणि तोही शुक्रवार पाहून, कारण त्या वर्षी मार्चपासून ती कंपनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडत असे. आमची एक प्रत विकली गेली. गिऱ्हाईक बँकेतला बासवाला निघाला; त्याला आपण वाजवलेले ऐकू येते का ते तपासायचे होते.

तक्रारदाराशी संबंध तोडू नयेत, हा शेवटचा सल्ला. एप्रिल 2021 मध्ये काकांना रात्री रुग्णवाहिकेतून नेले. एकोणीस दिवस ते ऑक्सिजनवर होते, आणि तेवढे दिवस न्हाणीघरात मी फक्त आंघोळ केली. घरी आल्यावर त्यांना फुंकणीसारखे ते तीन चेंडूंचे प्लास्टिकचे यंत्र मिळाले होते, ज्यातली नळी तोंडात धरून श्वास आत ओढायचा असतो. एका संध्याकाळी त्यांनी जिन्यातून हाक मारली, “अरे, खाली ये. मास्क लावून ये.” मी दारात उभा राहिलो. त्यांनी श्वास ओढला. पहिला चेंडू वर गेला, दुसरा जागीच थरथरला. “तू ते जे करतोस,” ते धापा टाकत म्हणाले, “ते छातीतून की पोटातून?”

“पोटातून, काका. खांदे उचलायचे नाहीत.”

मग रोज सहा वाजता मी वरच्या पायरीवर आणि ते दारातल्या खुर्चीवर, असा आमचा सराव सुरू झाला. श्वास ओढून रोखायचा आणि हळूहळू सोडायचा. सोडताना त्यांना घशातून थोडी घरघर काढून पाहाविशी वाटे, आणि मीही मोडता घातला नाही. तिसरा चेंडू वर जायला पाच आठवडे लागले. त्याच रात्री ग्रुपवर चौथ्या मजल्यावरून निरोप आला: ‘आता दुसऱ्या मजल्यावरूनही तसाच आवाज येऊ लागला आहे. कृपया आजार लपवू नये.’