‘संत्र्याच्या गावच्या बाईं’कडून उत्तर

काका, नमस्कार.

काका म्हणते, कारण चाळीस वर्षं सिनेगॉगात (आपल्या ज्यू प्रार्थनामंदिरात) येतोय असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे वयाने मोठेच असणार. प्रतिक्रिया टोपणनावाने आहे, त्यामुळे दुसरं काय म्हणणार? मी इथे स्वतःच्या नावाने लिहिते, एवढं आधी सांगून ठेवते.

ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यूंच्या, सिनेगॉगांच्या कमिट्यांवर बऱ्याच ठिकाणी वर्षानुवर्षं त्याच घरांतली माणसं दिसतात, प्रार्थना चालवणाऱ्या हजानला पगार मिळतो पण बैठकीत त्याचं मत कोणी घेत नाही, आणि शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या, सकाळी कुलूप काढून दहाव्या माणसाची (सामूहिक प्रार्थनेला निदान दहा पुरुष लागतात, तेच मिन्यान) वाट बघत बसणाऱ्याला तर कोणी काहीच विचारत नाही, असं मी लिहिलं होतं. त्यावर काकांची भलीमोठी प्रतिक्रिया आली. त्यातलं हे वाक्य जसंच्या तसं देते (मुकादम म्हणजे सिनेगॉगचा प्रमुख): ‘जिथे सिनेगॉग नाही, मिन्यान भरत नाही, अशा संत्र्याच्या गावच्या बाईंनी मुकादम कसा असावा हे आम्हाला शिकवू नये, बरं का.’

हे ‘बरं का’ वाचून मी लॅपटॉप मिटवला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, तेव्हाही ते तेवढंच लागलं. अहो, मतभेद असू द्या ना. लेखात चूक असेल तर बोट ठेवून दाखवा. पण ‘संत्र्याच्या गावच्या बाई’ हा कुठला मुद्दा झाला? लिहिणारा पुरुष असता, पुण्याचा असता, तर ‘पेशव्यांच्या गावचे बुवा’ असं लिहिलं असतं का तुम्ही? मला नाही वाटत.

आता त्या वाक्यात जे काही आहे त्याबद्दल. नागपुरात सिनेगॉग नाही, हे खरं. पण सिनेगॉग नाही म्हणजे समाज कसा चालतो हे कळत नाही, हा तुमचा हिशोब लावायचा तर आपल्या सगळ्या पूर्वजांना अडाणी ठरवावं लागेल. मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग सामाजी हसाजी दिवेकरांनी 1796 साली बांधलं. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर बांधलं, ही गोष्ट तुमच्याही घरात सांगितली असेलच. पनवेल, अलिबागची सिनेगॉगं तर त्याच्याही पुढच्या शतकातली. त्याआधी पिढ्यान् पिढ्या कोकणात गावोगाव विखुरलेली, तेलाचे घाणे चालवणारी, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारीपाजारी ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत ती माणसं काय करत होती? सुंता होत होती, लग्नं लागत होती, ‘शेमा इस्राएल’ ही आपली प्रार्थना म्हटली जात होती. एकही सिनेगॉग नसताना! मुकादमाला मान होता तो गावातल्या माणसांत. इमारती नंतर आल्या आणि मुकादम, चौगुला (त्याचा मदतनीस), गब्बाय (खजिनदार) ही पदं त्यांच्यात जाऊन बसली. (त्या काळाबद्दल लिहिताना मी काझींचा उल्लेखच केला नाही, हे तुमचं बरोबर आहे. गावोगाव फिरून धार्मिक विधी लावणारे तेच. करायला हवा होता.)

राहिलं मिन्यान. ‘मिन्यान भरत नाही’ असं तुम्ही ज्या सहजतेने लिहून टाकलंत, त्याबद्दल जरा सविस्तरच सांगते.

माझे वडील रेल्वेत होते, आम्ही अजनीच्या क्वार्टरमध्ये राहायचो. आपली जी थोडी घरं होती ती रेल्वेतली, तारखात्यातली, एखादं कामठीला लष्करात. तारखात्यातल्या एका काकांकडे निळ्या पुठ्ठ्याची वही असायची. कोणाची बदली भुसावळला झाली, कोण इटारसीहून सुट्टीवर आलंय, कोणाची रात्रपाळी कधी, सगळं त्यात पेन्सिलीने. पेन्सिलीने का, तर बदल्या होत राहतात, खोडता आलं पाहिजे. कोणाच्या घरी कद्दिश (गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, तीही मिन्यानाशिवाय होत नाही) म्हणायचा असला की आधी त्या काकांकडे निरोप जायचा. ते वही उघडायचे आणि सायकलवर टांग टाकायचे. त्यांना कोणी निवडून दिलं नव्हतं आणि त्यांची सही कुठल्याही चेकवर चालत नव्हती.

आजोबांचं वर्ष होतं. संध्याकाळ झाली आणि खोलीत नऊच पुरुष. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, म्हणून वडील बोट न दाखवता ‘होशिया एत अमेखा’ हा दहा शब्दांचा पासूक, म्हणजे श्लोक, पुटपुटत एकेका चेहऱ्यावर नजर फिरवायचे. शेवटच्या शब्दाला चेहराच उरला नाही. त्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, जणू दुसऱ्या खेपेला माणूस उगवणार होता. आईने काळ्या मनुकांचं शरबत झाकून ठेवलं. मलिद्याचं ताट तयार होतं: पोहे, खोबरं, साखर, वेलची, वर सब्जाची पानं, फळांत केळं, खजूर आणि हो काका, संत्रं. ज्यांच्या नावाने मलिदा करतात त्या एलियाहू हन्नाबींनी आजवर तरी त्याबद्दल तक्रार केलेली नाही. मला फाटकाशी उभं केलं होतं. बऱ्याच वेळाने वहीवाले काका सायकलवर डबलसीट एका गार्डला घेऊन आले. गार्ड नुकतेच गाडीवरून उतरलेले, अंगावर पांढरा युनिफॉर्म, काखेत लाल-हिरवे झेंडे. हात धुतले, डोक्याला रुमाल बांधला आणि कद्दिश सुरू झाला. मी बाहेरच उभी होते, कारण दहात मला कोणी धरत नव्हतं. पण दहावा माणूस नसला तर काय होतं, हे चाळीस वर्षं तयार मिन्यानात येऊन बसणाऱ्यापेक्षा मला जास्त चांगलं माहीत आहे, असं मी म्हटलं तर तो उद्धटपणा होईल का? होऊ द्या.

त्या वहीवाल्या काकांना तुमच्या कमिटीत जागा मिळाली असती का, एवढंच मी मागच्या लेखात वेगळ्या शब्दांत विचारलं होतं. त्याचं उत्तर तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही.

बाकीचे मुद्दे. कमिटीत बायका हे ‘नवं फॅड’ आहे म्हणता. डॉ. जेरुशा झिराड ज्यूइश रिलिजस युनियन या सुधारणावादी ज्यू संस्थेच्या स्थापनेत पुढे होत्या, साल 1925. शंभर वर्षांचं फॅड असतं होय? ‘हजान मिळत नाहीत, शिकलेली मुलं इस्राएलला जातात, मग जुन्याच माणसांनी गाडा ओढायचा नाही तर कोणी?’ हा प्रश्न आहे, नाही म्हणत नाही, पण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे आणि आज माझी लिहायची इच्छा नाही. दुरुस्तीच्या खर्चाचं जे लिहिलंत त्यात मी पडत नाही. इमारती जुन्या आहेत, खर्च येणारच.

‘आमचे हिशोब दरवर्षी वाचून दाखवले जातात’ असं तुम्ही दोनदा लिहिलंय. मी हिशोबाबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, लेख पुन्हा वाचा. तुम्हाला तसं का वाटलं ते तुम्हालाच माहीत.

एका वाचक ताईंनी तुमची प्रतिक्रिया काढून टाका असं मला मेसेज करून सुचवलं. काढणार नाही. वर ठेवलीये तशीच राहील, ‘बरं का’सकट. तुम्हाला यावर उत्तर द्यायचं असेल तर जरूर द्या, मात्र खऱ्या नावाने आणि सिनेगॉगचं नाव घालून. टोपणनावाने आलेली पुढची प्रतिक्रिया मी छापणार नाही.