म्हणे टीपीएचए पॉझिटिव्ह आली की इंजेक्शन फुकट गेलं!

सिफिलिसवर (लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग) पेनिसिलिनचं इंजेक्शन घेतलेल्या माझ्या मावसभावाला कुणीतरी एक फॉरवर्ड पाठवलाय आणि त्याची झोप उडाली आहे. त्यातले दावे असे: लक्षणं गेली की रोग गेला, पुन्हा तपासणी म्हणजे लॅबवाल्यांचा धंदा. तरी केलीत आणि टीपीएचए ही सिफिलिसची रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली तर इंजेक्शन वाया गेलं समजा, ९० दिवसांचा काढा घ्या. बायकोला त्रास नसेल तर तिला यात ओढू नका. खाली काढेवाल्याचा फोन नंबर. खरं तर तिथेच सगळं कळायला हवं.

आधी टीपीएचए, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच ओळीने होतं. ही तपासणी जंतू शोधत नाही, जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडी शोधते. रोग पूर्ण बरा झाला तरी त्या बहुतेकांच्या रक्तात जन्मभर राहतात. म्हणजे काढेवाल्याने नेमकी अशी तपासणी निवडली आहे, जिच्यात बरा झालेला जवळपास प्रत्येक माणूस नापास होऊन त्याचं गिऱ्हाईक बनेल! उपचार लागू पडला का, हे बघायला व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही वेगळी रक्ततपासणी लागते, आणि तीही टायटरसकट, म्हणजे रक्त किती पट पातळ केलं तरी ती पॉझिटिव्ह येते त्या आकड्यासकट. आधी १:३२ होतं आणि नंतर १:८ किंवा त्याखाली आलं, तर औषधाने काम केलं. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यातल्या सिफिलिससाठी ही तपासणी ६ आणि १२ महिन्यांनी करा, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेची २०२१ची मार्गदर्शिका सांगते. एचआयव्ही असेल तर त्याहून जास्त वेळा. दरवेळी तपासणी तीच हवी, शक्यतो लॅबही तीच. काहींचं टायटर उतरून १:२ वगैरेवर वर्षानुवर्षं अडकून बसतं, तेवढ्यावरून औषध निकामी ठरत नाही. उतरलेलं टायटर पुन्हा चौपट चढलं आणि तसंच राहिलं, तर मात्र डॉक्टर गाठा.

‘लक्षणं गेली की रोग गेला’? सिफिलिसचा पहिला व्रण काहीही औषध न घेता ३ ते ६ आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोग आत तसाच.

लॅबच्या धंद्याबद्दल अर्धा मुद्दा द्यावा लागेल, नाइलाजाने. क्लॅमिडिया हा असाच लैंगिक संबंधांतून पसरणारा दुसरा रोग. त्यावरचा ७ दिवसांचा डॉक्सीसायक्लिन या औषधाचा कोर्स नीट पूर्ण केला असेल, तर गर्भवती नसलेल्यांना ‘बरा झालो का’ म्हणून लगेच तपासणी सहसा लागत नाही. ४ आठवड्यांच्या आत पीसीआर (जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी तपासणी) केली तर मेलेल्या जंतूंचे अवशेषही पॉझिटिव्ह दाखवू शकतात. पैसे जातात, वर घाबरगुंडी. पण त्याच मार्गदर्शिकेत क्लॅमिडिया आणि गोनोरिया (हाही लैंगिक संबंधांतून पसरणारा रोग), दोन्हींसाठी साधारण ३ महिन्यांनी पुन्हा तपासा असंही आहे, आणि घशातल्या गोनोरियासाठी तर ७ ते १४ दिवसांतच.

३ महिन्यांनी कशाला? कारण पुन्हा लागण होणारे खूप असतात, आणि ती बऱ्याचदा उपचार न झालेल्या जोडीदाराकडूनच होते. बायकांमध्ये क्लॅमिडिया बहुतेकदा काहीच त्रास देत नाही आणि आतल्या आत गर्भनलिका खराब करू शकतो. ‘तिला ओढू नका’ म्हणणाऱ्याने तिला मूल होत नाही तेव्हा कुणाला बोल लावतात, तेही लिहायचं होतं.

खर्चाची अडचण असेल तर जिल्हा रुग्णालयात लैंगिक रोगांसाठीचं ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जाताना उपचाराच्या वेळचा रिपोर्ट सोबत न्या. तो जुना आकडा हाताशी नसेल तर नवा कशाशी ताडणार?